दहा चाळीसची हजेरी

सोमवारी शिवलीला ऑफिसात आली तेव्हा जिन्यात एक बाई बसली होती. आधी पंखा, मग माठातलं पाणी, मग काम, हा रोजचा क्रम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला.

ऑफिस होटगी रोडवर. खाली चादरी-टॉवेलांचं दुकान, वर हे. काम म्हटलं तर साधं होतं. जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या अठरा गावांत शाळा आहेत. त्यांची जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे कोणतं मूल कधी शाळेत आलं, कधी गेलं आणि का गेलं त्याच्या वह्या, स्कॅन करून कॉम्प्युटरात ठेवायच्या. एकेका मुलाची ओळ कापून तिची वेगळी प्रतिमा करायची, आणि तिला त्या मुलाच्या नावाचं फोल्डर. हे सगळं जिथं राहायचं त्याला ऑफिसात 'भांडार' म्हणत. भांडाराचा जावा या संगणकभाषेतला प्रोग्रॅम सहा वर्षांपूर्वी शिवलीलानंच लिहिलेला. स्कॅन झाल्यावर वह्या रद्दीत गेल्या होत्या. त्यामुळं आता जे काही उरलं होतं ते भांडारात.

जिन्यातल्या बाईचं नाव दगडाबाई. वय पंचावन्न, पण वळसंगच्या उन्हानं सत्तरीचं केलेलं. तिनं पाणी घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि एकदम मुद्द्यावर आली. तिला धाकट्या बहिणीची शाळेतली ओळ हवी होती. चौथी मुलगी म्हणून घरच्यांनी तिचं नाव नकोशी ठेवलेलं. पुढचा मुलगा व्हावा म्हणून असं नाव ठेवायची रीत. मुलगा झालाही, बिरुदेव. नकोशी सातव्या वर्षी तापानं गेली. लेकरू म्हणून जाळली नाही, शेताच्या बांधाजवळ पुरली, वर एक दगड ठेवला. मृत्यूची नोंद कुणी केली नाही, फोटो कुणी काढला नव्हता. आता बिरुदेवानं ते शेत प्लॉट पाडायला दिलं होतं आणि शनिवारी सकाळी मशीन येणार होतं.

"भाऊ म्हनतोय तितं कुत्रं पुरलंय," दगडाबाई म्हणाली. "म्हनतोय, अशी बहीणच नव्हती आपल्याला. तलाठी म्हनले, पोरगी होती असा येक कागद आना, तेवढी जागा सोडायला लावतो."

शाळेत चौकशी केली तर तिला हा पत्ता मिळाला होता. बाकी कुठं काही नव्हतं. एक ओळ होती, आणि ती इथं.

शिवलीलानं शोध घेतला. यादीत नाव लगेच आलं. नकोशी, वळसंग, दाखल क्रमांक २१७, सन १९८२. तिनं त्यावर क्लिक केलं आणि पडद्यावर लाल अक्षरांत उमटलं, फाईल सापडली नाही. खाली त्या फाईलचा सगळा मार्ग, भांडारापासून वळसंगपर्यंत, वळसंगपासून नकोशीपर्यंत. म्हणजे कपाटावरच्या चिठ्ठीत वस्तू तिसऱ्या फळीवर आहे असं लिहिलेलं, आणि फळी रिकामी.

"हाय का न्हाय?" दगडाबाईनं विचारलं.

"नाव आहे, मावशी. कागद सापडत नाही."

"नाव हाय न्हवं? मग ती हाय की."

सोमवारचा शिवलीलाचा उपास असे, आणि उपासाच्या दिवशी ती शब्द मोजून वापरी. तिनं बाईला दोन दिवसांनी यायला सांगितलं. दगडाबाई म्हणाली की रोजच येते, एसटी हायच.

प्रोग्रॅम दिवसभर काय काय करतो त्याची तो स्वतःच एक रोजनिशी लिहीत असतो. तिला लॉग म्हणतात. शिवलीलानं तो उघडला. वाटलं होतं एखादी चूक दिसेल. दिसल्या एक्केचाळीस. अठरा गावांतल्या एक्केचाळीस मुलामुलींचे मार्ग, सगळे रिकाम्या फळीकडं जाणारे. कुणीतरी त्या फाईली मागत होतं, आणि भांडार प्रत्येकाला नाही म्हणत होतं. रोज. महिनाभर मागं गेली तरी तेच. रविवार सोडून रोज सकाळी दहा चाळीसला पहिली मागणी, मग सहा-सहा सेकंदांनी पुढची.

तिनं नावं वाचली तेव्हा मुलामुलींची नव्हती. नकोशी, नकोशी, नकोसा, नकोशाबाई, नकोशी. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मुली.

मंगळवारी तिनं कारण शोधून काढलं. ते शोधायला फार वेळ लागला नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

स्कॅनिंगला बसणाऱ्या मुलींची एक सवय होती. पान हललं, अक्षर पुसट आलं, एकच ओळ दोनदा आली, की ती प्रतिमा 'नको' नावाच्या फोल्डरात टाकायची. इंग्रजी अक्षरांत, एन ए के ओ. दर शनिवारी प्रोग्रॅमातला सफाईचा भाग ते फोल्डर पुसून टाके. शिवलीलानं तो लिहिला तेव्हा 'नको' म्हणजे फक्त 'नको' होतं. पुढं मुली घाईत नको-१, नको-२ अशी फोल्डरं करायला लागल्या आणि ती साठत गेली. म्हणून डिसेंबरात कुणीतरी तिच्या ओळीत एक शब्द बदलला होता. आता सफाई 'नको'नं सुरू होणारं काहीही पुसत होती.

काहीही.

दुसऱ्या डिस्कवर जी नक्कल राहायची तीही रात्रीतून जुळवली जाई. इथून पुसलं की तिथूनही पुसलं जाई.

स्कॅनिंगच्या अंकितानं हे ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले. नको हे नाव तिनंच पाडलं होतं. शिवलीला म्हणाली की रडू नकोस, तू पान खराब आलं म्हणून नको म्हणालीस, माणसाला नाही म्हणालीस. मग तिनं तो शब्द कुणी बदलला ते पाहिलं. प्रोग्रॅमात प्रत्येक बदलापुढं बदलणाऱ्याचं नाव राहतं. नाव होतं सोमशेखर. म्हणजे मालक.

शिवलीलाचा राग ओरडणारा नव्हता. राग आला की तिचा आवाज खाली जाई, आणि घरातली माणसं भांडी हळू ठेवायला लागत. बुधवारी पहाटे लिंगपूजेला बसली तेव्हा तळहातावरच्या लिंगावर तिची नजर ठरेना. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. ती तशीच उठली, विभूती लावली आणि ऑफिसला आली.

दहा पस्तीसला तिनं भांडाराचा प्रोग्रॅम बंद केला. पूर्ण बंद. मागणारं कुणीही असो, कुठल्याही कॉम्प्युटरवरून असो, आता मागणी पोचायला दारच नव्हतं. मग लॉग उघडून समोर बसली. रोजनिशी लिहिणाराच झोपला तर रोजनिशीत ओळ येणार कुठून?

दहा चाळीसला पहिली ओळ आली.

तिनं खुर्ची मागं सरकवली. ओळ वर सरकली, सहा सेकंद गेले, दुसरी आली. ती सेकंद मोजत होती. यंत्र थांबतं तसं ते थांबणं नव्हतं. नाव घ्यायचं, वर बघायचं, वाट पाहायची, मग खाली बघून पुढचं नाव घ्यायचं, तेवढाच वेळ. अंकिता मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या शाळेत बाई अशी हजेरी घ्यायच्या."

एक्केचाळिसावी ओळ गेली आणि लॉग थांबला. शिवलीलानं कॉम्प्युटरची वायर पाहिली, दुसऱ्या खोलीतला सर्व्हर पाहिला, प्रोग्रॅम खरंच बंद आहे ना ते तीनदा पाहिलं. बंद होता.

त्या दुपारी ती सोमशेखर सरांच्या केबिनमध्ये गेली. दगडाबाई बाहेर बाकावर बसली होती, रोजच्यासारखी. दहा चाळीसच्या ओळींबद्दल शिवलीला काही बोलली नाही. बदललेल्या शब्दाबद्दल बोलली.

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना माहीत होतं. जानेवारीतच सफाईच्या अहवालात एक्केचाळीस नावं त्यांना दिसली होती. संस्थेला कळवलं तर काम हातचं जाईल म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली होती. आता शुक्रवारी संस्थेची तपासणी होती, आणि लॉगमध्ये चुका दिसता कामा नव्हत्या. यादीतून ती एक्केचाळीस नावं काढून टाका, म्हणजे चूकच राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. एक्केचाळीस, तीन लाखांत.

"बाहेर एक बाई बसली आहे, सर," शिवलीला म्हणाली. "तुमच्याच वळसंगची. तिची बहीण आहे त्यात. ब्याऐंशी साल."

"ब्याऐंशीला मीच पहिलीत होतो तिथं. नकोशी नावाची पोरगी वर्गात असती तर आठवली असती की मला." ते हसले. "एवढं मनावर घेऊ नका. घरच्यांनाच नको होती, आपण कशाला छाती बडवायची?"

शिवलीला एवढंच म्हणाली की नावं मी काढणार नाही. आवाज इतका खाली गेला होता की सरांना पुन्हा विचारावं लागलं. तिनं पुन्हा सांगितलं.

गुरुवारी त्यांनी स्वतःच काढली. शिवलीला आली तेव्हा यादीत नकोशी नावाचं कुणी नव्हतं. वळसंगच्या यादीत दोनशे सोळानंतर दोनशे अठरा. मधल्या आकड्याची जागासुद्धा राहिली नव्हती, ओळी एकमेकींना चिकटल्या होत्या.

दगडाबाईला हे सांगणं तिच्या वाट्याला आलं. तिनं उभ्यानंच सांगितलं, बसून सांगायची हिंमत झाली नाही. दगडाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे काल नाव हुतं," ती म्हणाली, "आनि आज त्येबी न्हाय."

"हो."

"कुनी काडलं?"

शिवलीलानं केबिनच्या बंद दाराकडं पाहिलं. दगडाबाईनंही तिकडं पाहिलं.

शुक्रवारी सर तपासणीसाठी सकाळीच संस्थेच्या कचेरीत गेले. दगडाबाई सव्वादहाला आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आता मिळण्यासारखं काही नव्हतं, तरी आली. उद्या मशीन येणार, मग आज घरात बसून काय करू, म्हणाली. शिवलीलानं तिला आपल्या शेजारी खुर्ची दिली. अंकितानं चहा आणला. दगडाबाईनं बशीत ओतला आणि फुंकर घालायची विसरली.

यादीत त्या एक्केचाळीस जणी नव्हत्या. मागायला नाव नव्हतं, द्यायला फाईल नव्हती. तरी शिवलीलानं लॉग उघडून ठेवला.

दहा चाळीस.

ओळ आली. अकलूजकडच्या एका गावची नकोसा, सन १९५१. फाईल सापडली नाही.

"काय उमटलं?" दगडाबाईला वाचता येत नव्हतं, पण पडदा हललेला दिसत होता.

शिवलीलानं सांगितलं की कुणीतरी नावं घेतंय. कोण ते ठाऊक नाही. मग पुढची ओळ आली तशी ती मोठ्यानं वाचायला लागली, तिच्या मानानं मोठ्यानं. माढ्याकडची नकोशी. करमाळ्याकडची. पुन्हा माढ्याकडची. दगडाबाई पडद्याकडं नाही, शिवलीलाच्या तोंडाकडं बघत होती.

नवव्या ओळीला शिवलीलानं पडद्यावर बोट ठेवलं.

"वळसंग. दाखल क्रमांक दोनशे सतरा. नकोशी."

दगडाबाई उभी राहिली. हातातली बशी तिनं टेबलावर ठेवली. पदर सारखा केला.

"हजर," ती म्हणाली.

ओळीच्या शेवटी 'फाईल सापडली नाही' यायला हवं होतं.

आलं नाही.

आलं ते असं. 'फाईल सापडली.'

अंकितानं तोंडावर हात ठेवला. शिवलीलाचे हात आपसूक चालले. फोल्डर उघडलं. काल नव्हतं, मंगळवारी नव्हतं, आता होतं. आत एक प्रतिमा. रजिस्टरची पिवळी पट्टी, निळी शाई, गुरुजींचं टोकदार वळण. नकोशी. जन्म, जात, गाव. शेवटच्या रकान्यात, शाळा सोडल्याचं कारण, मयत.

तेवढ्यात पुढचं नाव आलं होतं आणि थांबलं होतं.

"हजर," शिवलीला म्हणाली.

सापडली.

"हजर."

सापडली. अंकिताही म्हणायला लागली. तिघी बायका, दुपारच्या आधीचं ऊन, खाली रिक्षांचे हॉर्न, आणि सहा-सहा सेकंदांनी तो एक शब्द. सुटलेल्या पहिल्या आठ जणींनाही मागं जाऊन हजर म्हटलं, त्याही सापडल्या; एकही नाव त्यांनी सुटू दिलं नाही. एक्केचाळिसाव्या हजरला दगडाबाई खुर्चीत बसली आणि हसली. समोरचे दोन दात नव्हते.

अंकिता छापायला धावली.

लॉग थांबला नव्हता.

बेचाळिसावी ओळ आली. शिवलीलानं ती मनातच वाचली. वळसंग, सन १९८२, दाखल क्रमांक दोनशे अठरा. सोमशेखर.

ही फाईल कधी हरवलेली नव्हती. कुणी पुसलेली नव्हती. तिनं दुसऱ्या खिडकीत फोल्डर पाहिलं. वळसंगच्या कपाटात दोनशे अठरा रिकामं होतं.

"आता कोन?" दगडाबाईनं विचारलं.

"आहेत एक."

"मग म्हना की, बाई. तुमास्नी ठावं हाईत न्हवं त्ये?"

सहा सेकंद गेले. ओळ तशीच उभी. या वेळी ते जास्त थांबत होतं. शिवलीलानं मनात मोजलं. दहा. पंधरा. एक शब्द होता आणि तो जिभेवर होता. त्याच्याच शेजारी दुसरं एक वाक्यही होतं, बुधवारचं. घरच्यांनाच नको होती.

वीस.

तिनं हात मांडीवर एकमेकांत धरून ठेवले.

पंचवीसला ओळ पूर्ण झाली. फाईल सापडली नाही.

दगडाबाई कागद घेऊन बाराच्या एसटीनं गेली. कागद तिनं घडी केला नाही, ताटासारखा दोन्ही हातांवर धरून नेला.

दुपारी सर परत आले तेव्हा दारातलं अंगठ्याचं मशीन त्यांचा अंगठा घेईना. त्यांनी तो पँटला पुसला, पुन्हा ठेवला. आठ वर्षं दारात बसणारा तिप्पण्णा स्टुलावरून उठला आणि त्यानं अदबीनं विचारलं, "कुणाकडं जायचंय साहेब?" सर त्याच्यावर भडकले. पिऊन आलास का, म्हणाले. गोंगाट ऐकून शिवलीला बाहेर गेली आणि तिनं दार उघडून दिलं. "हे आपले..." ती तिप्पण्णाला म्हणाली, आणि क्षणभर थांबली. शब्द जवळच होता. "सर आहेत," तिनं वाक्य पुरं केलं. तिप्पण्णानं मान हलवली, पण बाहेरून येणाऱ्यांच्या वहीत त्यांची नोंद करून घेतली.

शनिवारी अर्धा दिवस. अकराच्या सुमारास दगडाबाईचा फोन आला. मागं मशीनची घरघर ऐकू येत होती. तलाठी आले होते, कागद त्यांनी दोनदा वाचला. बिरुदेव आधी तडकला, मग कागदावरचं बापाचं नाव बघून गप झाला. दगड ठेवला होता तेवढी जागा दोरी लावून सोडली. मशीन बाजूनं चाललं होतं. "लई उपकार झाले," असं काही दगडाबाई म्हणाली नाही. ती म्हणाली, "आज तिचं नाव धा मानसांत घ्येतलं गेलं." आणि फोन ठेवला.

शिवलीलानं डोळे पुसले. त्या सकाळी दहा चाळीसला लॉग कोरा राहिला होता. खिडकीजवळची बंद खोली अंकितानं झाडून घेतली होती. एवढी चांगली खोली, टेबल, खुर्ची, पंखा सगळं असलेली, इतकी वर्षं कुणी वापरत का नव्हतं, याचं दोघींना नवल वाटलं. स्कॅनिंगची दोन मशिनं तिथं मांडायचं ठरलं.

साडेअकराला एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, कपडे चांगले, पण रात्रभर झोप नसल्यासारखे. चष्मा हातात. ते सरळ त्या खोलीकडं निघाले, तिथल्या खुर्चीवर खोकी बघून थबकले आणि ओरडायला लागले. ऑफिस आपलं आहे म्हणाले. बायकोनंही दार उघडलं नाही म्हणाले. भिंतीकडं, पंख्याकडं, शिवलीलाकडं बोट दाखवून सांगत राहिले की हे मी आणलं, तुम्हाला मी कामाला ठेवलं.

तिप्पण्णा धरायला आला. शिवलीलानं त्याला हातानं थांबवलं. माणूस आजारी दिसत होता, आणि आजाऱ्यावर कुणी हात टाकलेला तिला चालत नसे. तिनं त्यांना खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. ते घाईघाईनं प्यायले, अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

तिची बोटं एकमेकांत घट्ट रुतलेली होती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. आठवडाभर ती कुणावर तरी भयंकर चिडली होती. राग अजून तसाच होता, छातीत निखाऱ्यासारखा, शाबूत. कुणावर होता ते मात्र काही केल्या आठवेना.

"शांत व्हा," ती मायेनं म्हणाली. "घरी कुणाला फोन लावू? नाव काय म्हणालात आपण?"

त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि सांगितलं. पाचव्यांदा.